मरायला टेकलेली डिस्क सेफ (Ceph) स्टोरेज क्लस्टरमधून कशी बदलायची, सर्व्हिस एक मिनिटही बंद न करता

हेल्थ ओकेच्या जागी हेल्थ वॉर्न आलंय, खाली स्लो ऑप्सची, म्हणजे अडकून पडलेल्या रीड-राइटची तक्रार आहे आणि दर वेळी एकाच ओएसडीचं (एक डिस्क सांभाळणारी सेफची प्रोसेस) नाव येतंय, समजा ओएसडी २३. अशा वेळी हात शिवशिवतात, वाटतं जावं, डिस्क ओढावी, नवी बसवावी, दहा मिनिटांचं काम. तेवढं मात्र करू नका. पेचकस लागतो तो अगदी शेवटी, त्याआधी क्लस्टरला तीन-चार गोष्टी विचारायच्या असतात आणि त्याच्याकडून होकार येईपर्यंत थांबायचं असतं. हे थांबणं जमलं की युजरला कळतसुद्धा नाही की मागे काही झालं.

मी इथे धरून चाललोय की सेफ आहे, पूल तीन कॉपीचा आहे म्हणजे साइझ ३ आणि मिन-साइझ २ (आयओ चालू राहायला निदान दोन कॉपी), फेल्युअर डोमेन होस्ट आहे म्हणजे एका नोडवर एका डेटाची एकच कॉपी, सहा नोड आहेत आणि प्रत्येक नोडमध्ये १२ टीबीच्या बारा डिस्क. तुमचं थोडं वेगळं असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील. कमांड मी बोलतो तशा देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर नेहमीसारख्या टाइप करा. आणि या लेखात सेफ म्हणजे फक्त ते स्टोरेज सॉफ्टवेअर, धोका नाही असं म्हणायचं असेल तिथे मी सुरक्षित लिहीन, नाहीतर गोंधळ होतो.

आधी खात्री करा की डिस्कच गेलीय

स्लो ऑप्स आले म्हणजे डिस्क गेली असं नसतं, केबल असू शकते, बॅकप्लेन (डिस्क ज्यात बसतात तो बोर्ड) असू शकतो, नेटवर्क असू शकतं. सेफ हेल्थ डिटेल टाका, मग सेफ ओएसडी पर्फ टाका, त्यात प्रत्येक ओएसडीची लेटन्सी मिलिसेकंदात दिसते. बाकी सगळे दहा-वीसच्या घरात आणि २३ एकटा आठशेवर असेल तर बोट त्याच्याकडेच जातं. मग त्या नोडवर लॉगिन करून डीमेसेज म्हणजे कर्नलचा लॉग बघा, मीडियम एरर किंवा आयओ एरर आणि त्यासोबत सेक्टर नंबर दिसला की डिस्कची पृष्ठभागाची अडचण आहे. आयओस्टॅटमध्ये त्या डिस्कची युटिलायझेशन शंभर टक्के आणि काम मात्र जवळपास काहीच होत नाही, हेही पक्कं लक्षण.

मग स्मार्टसीटीएल, डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते (स्मार्ट) ती दाखवणारी कमांड. साटा डिस्क असेल तर मी चार-पाच आकडेच बघतो. ५ नंबरचं री-अलोकेटेड सेक्टर, १८७ नंबरचं रिपोर्टेड अनकरेक्टेबल, १९७ चं करंट पेंडिंग आणि १९८ चं ऑफलाइन अनकरेक्टेबल. री-अलोकेटेड पाच-दहा वर जाऊन तिथेच महिनोन्‌महिने थांबलं असेल तर घाई नाही, पण पेंडिंग रोज वाढतंय आणि रीड अडकतायत तर त्या डिस्कवर आता विसंबू नका. १९९ नंबर म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर, तो वाढत असेल तर आधी केबल आणि ट्रे नीट बसलाय का ते बघा, मी अशा दोन डिस्क उगाच बदलल्यात आणि नवी बसवल्यावरही एरर तसाच, शेवटी बॅकप्लेनची केबल ढिली निघाली.

आणि एक लक्षात ठेवा, स्मार्ट स्वच्छ आहे म्हणून डिस्क ठणठणीत आहे असं नाही. गुगलच्या इंजिनियर लोकांनी २००७ साली लाखभराहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर स्मार्टच्या चारही महत्त्वाच्या इशाऱ्यांपैकी एकही आलेला नव्हता. त्यामुळे स्मार्ट ‘पास’ म्हणतंय पण लेटन्सी रोज बोंबलतेय तर लेटन्सीचं ऐका.

कधी कधी पहिली बातमी स्क्रबमधून येते. डीप स्क्रब साधारण आठवड्यातून एकदा प्रत्येक पीजी (प्लेसमेंट ग्रुप, डेटाचा एक गठ्ठा) पूर्ण वाचून काढतो आणि चेकसम जुळवतो, तेव्हा पीजी इनकन्सिस्टंट असं येतं. इथे लगेच पीजी रिपेअर मारू नका, आधी रॅडॉस लिस्ट-इनकन्सिस्टंट-ओबीजेने बघा की चूक कुठल्या ओएसडीवर आहे. दर वेळी २३ च निघत असेल तर रिपेअर करा, ब्लूस्टोअरला (ओएसडीचा डिस्कवर डेटा ठेवणारा भाग) चेकसममुळे खरी कॉपी कुठली ते कळतं, पण डिस्क बदलायच्या यादीत टाका.

बदलायच्या आधी त्रास कमी करा

आजारी डिस्क मेलेल्या डिस्कपेक्षा जास्त छळते. मेली तर शेजारचे ओएसडी साधारण वीस सेकंदात तक्रार करतात, मॉनिटर (क्लस्टरचा नकाशा सांभाळणारी प्रोसेस) तिला डाउन लावतो आणि काम पुढे चालू. पण ती जिवंत आहे, हार्टबीट देतेय आणि एकेक राइटला तीन-चार सेकंद घेतेय, तर तिच्यावर असलेल्या प्रत्येक पीजीचं राइट तिच्यासाठी थांबतं, कारण तिन्ही कॉपी लिहून झाल्याशिवाय क्लायंटला उत्तर जात नाही. एका ओएसडीवर साधारण शंभरेक पीजी असतात, म्हणजे शंभर पीजींमधल्या व्हर्च्युअल मशीनना एकाच वेळी धाप लागते.

राइटचं लगेच काही करता येत नाही पण रीडचं येतं. रीड प्रायमरीकडून, म्हणजे कॉपी ठेवणाऱ्यांतल्या मुख्य ओएसडीकडून होतो, तर २३ ला प्रायमरीच राहू देऊ नका. सेफ ओएसडी प्रायमरी-अफिनिटी, पुढे ओएसडी डॉट २३, पुढे शून्य. तीन कॉपीच्या पूलमध्ये याने डेटा कुठेच हलत नाही, फक्त प्रायमरीपण दुसऱ्याकडे जातं, आणि दहा सेकंदात फरक दिसतो. याचा दुसरा फायदा पुढे आहे, बॅकफिल (डेटा नव्या जागी भरणं) प्रायमरीच चालवतो, म्हणजे डेटा हलवताना वाचन चांगल्या डिस्कवरून होईल, या मरतुकड्या डिस्कवरून नाही. इरेझर कोडिंगच्या पूलला (जिथे कॉपीऐवजी डेटाचे तुकडे म्हणजे शार्ड ठेवतात) याचा उपयोग कमी, तिथे रीडसाठीही बरेच शार्ड लागतात.

जागा आहे का ते हिशोब करून बघा

ही पायरी लोक सगळ्यात जास्त गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो. डिस्क बाहेर काढायची म्हणजे तिच्यावरचा डेटा कुठेतरी मावला पाहिजे. सेफ ओएसडी डीएफ ट्री टाका आणि टक्केवारी बघा. सेफचे तीन उंबरठे असतात, ८५ टक्क्याला निअरफुल, ९० ला बॅकफिलफुल आणि ९५ ला फुल. नव्वद ओलांडलेला ओएसडी बॅकफिल घेत नाही, पंच्याण्णव ओलांडला तर राइट थांबतात, आणि ते राइट थांबणं म्हणजे तुमचा खरा डाउनटाइम, जो टाळायला आपण हा सगळा खटाटोप करतोय.

सहा नोड, बहात्तर डिस्क आणि सरासरी ६५ टक्के असेल तर निवांत राहा, एका डिस्कचा डेटा बाकीच्यांत विरघळून जातो. पण छोट्या क्लस्टरमध्ये सांभाळा. समजा तीनच नोड आहेत, प्रत्येकात चारच डिस्क, आणि सगळ्या ७० टक्के भरलेल्या. तीन कॉपी, तीन होस्ट, म्हणजे प्रत्येक होस्टवर एक कॉपी असलीच पाहिजे, त्यामुळे गेलेल्या डिस्कचा डेटा त्याच नोडमधल्या उरलेल्या तीन डिस्कवर जाणार. चार गुणिले सत्तर म्हणजे २८०, भागिले तीन, ९३ टक्के. म्हणजे बॅकफिल मधेच अडकणार, बॅकफिल टूफुल दिसणार, आणि अर्धवट अवस्थेत तुम्ही रात्री जागणार. आणि सरासरी ९३ म्हणजे त्यातली एखादी डिस्क ९५ लाही टेकू शकते, कारण पीजी कधीच अगदी सारखे वाटले जात नाहीत.

अशा वेळी दोन मार्ग आहेत. त्या नोडमध्ये रिकामा स्लॉट असेल तर आधी नवी डिस्क बसवा, तिचा ओएसडी तयार करा, मग जुनी बाहेर काढा, हा मला सगळ्यात आवडणारा मार्ग, म्हणून नवीन सर्व्हर घेताना मी प्रत्येक नोडमध्ये एक स्लॉट मुद्दाम रिकामा ठेवायला सांगतो. स्लॉट नसेल तर दुसरा मार्ग, नोआउट (पडलेल्या ओएसडीला आपोआप आउट करू नका असं सांगणारा फ्लॅग) लावून ओएसडी थांबवायचा, पटकन डिस्क बदलायची आणि नव्या डिस्कवर डेटा भरू द्यायचा. यात भरून होईपर्यंत त्या पीजींच्या दोनच कॉपी असतात, त्यात दुसऱ्या नोडमधली एखादी डिस्क गेली तर काही पीजींची एकच कॉपी उरते, मिन-साइझ २ असल्यामुळे त्यांचं आयओ थांबतं. म्हणून हा मार्ग नाइलाज असेल तेव्हाच. आणि मिन-साइझ १ करून गाडी पुढे ढकलायचा मोह झाला तरी करू नका, एका कॉपीवर राइट घेतलं आणि ती डिस्क गेली तर तो डेटा परत मिळत नाही.

आउट करा आणि थांबा

जागा आहे असं दिसलं की सेफ ओएसडी आउट २३. ओएसडी चालूच ठेवायचा, बंद करायचा नाही. आउट केल्यावर क्रश, म्हणजे कुठला डेटा कुठे जाईल ते ठरवणारं सूत्र, नव्याने गणित करतं आणि २३ वरचे पीजी दुसरीकडे जायला लागतात, पण नवी जागा पूर्ण भरेपर्यंत २३ त्या पीजीत हजर राहतो. म्हणजे पूर्ण वेळ तीन कॉपी. सेफ डॅश एस मध्ये तुम्हाला मिसप्लेस्ड हा शब्द दिसेल, डिग्रेडेड नाही दिसणार किंवा नगण्य दिसेल. या दोन शब्दांतला फरक नीट समजून घ्या, मिसप्लेस्ड म्हणजे कॉपी पुरेशा आहेत पण चुकीच्या जागी आहेत, डिग्रेडेड म्हणजे कॉपीच कमी आहेत. पहिल्यात चहा प्यायला हरकत नाही, दुसऱ्यात स्क्रीनसमोरून उठू नका.

आता डिस्क इतकी वाईट असेल की ओएसडी सारखा पडतोय-उठतोय किंवा राइट एवढे अडकतायत की युजर फोन करतायत, तर चालू ठेवण्यात अर्थ नाही. मग सेफ ओएसडी ओके-टू-स्टॉप २३ विचारा, हो आलं की सर्व्हिस थांबवा आणि आउट करा. कॉपी काही तास दोनवर येतील पण रिकव्हरी पुष्कळ डिस्कवरून पुष्कळ डिस्कवर होते म्हणून ती त्यामानाने लवकर उरकते. नाही आलं तर दुसरीकडे आधीच काहीतरी पडलेलं आहे, ते पहिलं निस्तरा.

डिस्क रात्रीत स्वतःच मेली असेल तर तुम्ही यायच्या आधीच क्लस्टरने अर्धं काम केलेलं असतं. डाउन झाल्यावर ६०० सेकंद म्हणजे दहा मिनिटं वाट बघून मॉनिटर तिला स्वतःहून आउट करतो आणि कॉपी भरायला सुरुवात होते. फक्त एक अट, नोआउट लावलेलं नसलं पाहिजे. एका ठिकाणी मी मदतीला गेलो होतो, तिथे कोणीतरी तीन आठवड्यांपूर्वी नोड पॅच करताना नोआउट लावलेलं आणि काढायचं राहिलेलं, त्यानंतर एक डिस्क गेली आणि क्लस्टर तिची वाट बघत तसाच बसून राहिला, तीन आठवड्यांतले बारा दिवस ते लोक दोन कॉपीवर चालत होते आणि कोणालाच पत्ता नव्हता, कारण हेल्थ वॉर्न रोजचंच झालेलं. तेव्हापासून मी पूर्ण क्लस्टरला नोआउट लावतच नाही, सेफ ओएसडी सेट-ग्रुप नोआउट देऊन पुढे फक्त त्या होस्टचं नाव देतो. आणि काढायची आठवण तिकिटातच लिहितो, ते काढल्याशिवाय तिकीट बंद होत नाही.

डेटा हलताना क्लायंटला झळ लागत असेल तर सेफच्या क्विन्सी आणि पुढच्या व्हर्जनमध्ये एमक्लॉक (क्लायंट आणि रिकव्हरीत डिस्कचा वेळ वाटणारा शेड्युलर) आहे, त्याचं प्रोफाइल दिवसा हाय-क्लायंट-ऑप्स ठेवा आणि रात्री हाय-रिकव्हरी-ऑप्स. जुन्या व्हर्जनमध्ये ओएसडी-मॅक्स-बॅकफिल्स १ वर ठेवा. एमक्लॉक असताना हा मॅक्स-बॅकफिल्स तसा बदलत नाही, आधी ओव्हरराइडचं सेटिंग चालू करावं लागतं, हे माहीत नसलं की माणूस आकडे बदलत बसतो आणि काहीच होत नाही.

होकार आला की मगच डिस्ट्रॉय

मिसप्लेस्ड शून्यावर आलं, सगळे पीजी अ‍ॅक्टिव्ह क्लीन झाले, तरी विचारा. सेफ ओएसडी सेफ-टू-डिस्ट्रॉय २३ (यातला दुसरा सेफ म्हणजे मात्र सुरक्षित). ही कमांड खरोखर तपासते की या ओएसडीवाचून एकाही पीजीचं अडणार नाही ना. होकार आला की सर्व्हिस थांबवा आणि मग सेफ ओएसडी डिस्ट्रॉय २३, शेवटी ते लांबलचक येस-आय-रिअली-मीन-इट.

इथे पर्ज नाही, डिस्ट्रॉय. पुष्कळ जण जुन्या सवयीने पर्ज मारतात आणि मग दोनदा डेटा हलतो. कारण असं की सेफमध्ये कुठला डेटा कुठे आहे याची मोठी यादी कुठेच ठेवलेली नसते, सेफ बनवणारे सेज वाइल यांनी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात पीएचडी करताना हीच गोष्ट सोडवली, २००६ मध्ये त्यावरचे पेपर आले, क्लायंट स्वतः क्रशचं गणित करून जागा शोधतो. त्या गणितात ओएसडीचा नंबर आणि वजन दोन्ही धरलेले असतात. पर्ज केलं की २३ नंबर नकाशातून जातो, होस्टचं वजन कमी होतं, गणित बदलतं आणि ज्यांचा काही संबंध नाही असे पीजीसुद्धा हलायला लागतात, नवी डिस्क आली की परत तेच उलटं. डिस्ट्रॉयमध्ये नंबर आणि वजन तसंच राहतं, फक्त चाव्या पुसल्या जातात, आणि नवी डिस्क त्याच नंबरवर बसली की बहुतेक तेच पीजी परत तिच्याकडे येतात.

सेफअ‍ॅडम (क्लस्टर उभा करून सांभाळणारं सेफचंच टूल) वापरत असाल तर आउट, वाट बघणं आणि डिस्ट्रॉय हे सगळं एकाच कमांडमध्ये होतं, सेफ ऑर्क ओएसडी आरएम २३ डॅश डॅश रिप्लेस. कुठवर आलंय ते सेफ ऑर्क ओएसडी आरएम स्टेटसने बघा. पण एक खड्डा आहे. तुमचं ओएसडी स्पेक (कुठल्या डिस्कवर ओएसडी उभे करायचे ती सूचना) ऑल-अव्हेलेबल-डिव्हायसेस असेल आणि तुम्ही सोबत डिस्क पुसणारं झॅपही दिलं, तर पुसलेली आजारी डिस्क ऑर्केस्ट्रेटरला नवी कोरी वाटते आणि तो तिच्यावरच परत ओएसडी उभा करतो. म्हणून आधी त्या स्पेकला अनमॅनेज्ड ट्रू करा, डिस्क बदला, मग परत चालू करा.

आता बरोबर डिस्क शोधायची

सगळ्या कामात माझ्या मते हीच जागा सगळ्यात नाजूक आहे. एसडीएफ हे लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव कुठेही चिकटवलेलं नसतं, रीबूटनंतर ते बदलतंही. नाव नाही, सिरीयल नंबर धरायचा. सेफ ओएसडी मेटाडेटा २३ मध्ये डिव्हाइस आयडी असतो, त्याच्या शेवटी सिरीयल नंबर असतो, तो कागदावर लिहून घ्या. मग नोडवर एलएसबीएलकेमध्ये सिरीयलचा कॉलम काढून तोच नंबर कुठल्या नावासमोर आहे ते बघा, आणि तिसऱ्यांदा स्मार्टसीटीएलने. तिन्हीकडे शेवटची चार अक्षरं जुळली पाहिजेत. हे डिस्ट्रॉयच्या आधीच करून ठेवा, पूर्ण मेलेली डिस्क सिरीयल नंबर सांगत नाही, मग बाकी अकरांचे नंबर काढून जो उरतो तो तिचा असं उलटं शोधावं लागतं.

दिवा लावायला लेडसीटीएल लोकेट आहे, सेफ डिव्हाइस लाइट ऑनही आहे, रेड (RAID) कंट्रोलर कार्ड असेल तर स्टॉरसीएलआयचं स्टार्ट लोकेट. चालत नसेल आणि डिस्क अजून थोडीफार वाचता येत असेल तर डीडीने नुसतं वाचन सुरू करा, हिरवा दिवा सलग लुकलुकायला लागतो, दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं तीनदा करा आणि समोरच्याला बघायला सांगा.

एकदा मी घरून काम करत होतो आणि डेटा सेंटरमधला मुलगा फोनवर होता. मी म्हटलं स्लॉट पाच. तो म्हणाला, “सर, पाच सापडला, काढू?” मी हो म्हटलं आणि पुढच्या सेकंदाला स्क्रीनवर ओएसडी २२ डाउन. सॉफ्टवेअर स्लॉट शून्यापासून मोजत होतं आणि सर्व्हरच्या तोंडावर छापलेले आकडे एकपासून, माझा पाच म्हणजे त्याचा सहा. त्याने चांगली डिस्क काढली होती. मी म्हटलं, “आहे तशीच परत सरकव, घाई करू नको, खट् आवाज येईपर्यंत.” डिस्क परत आली पण नाव बदलून आली, सेफ-व्हॉल्यूम एलव्हीएम अ‍ॅक्टिव्हेट ऑल द्यावं लागलं, ओएसडी उठला आणि मधल्या पाच-सात मिनिटांत जे लिहिलं गेलं होतं तेवढंच भरून घेतलं. युजरला काही कळलं नाही, २३ वरचा डेटा आधीच हलवून झालेला होता आणि चांगली डिस्क गेली तरी दोन कॉपी हातात होत्या. आधी नुसती डिस्क ओढायला सांगितली असती तर २३ पण खराब आणि २२ पण बाहेर. दोन्ही एकाच नोडमध्ये आहेत म्हणून दोन कॉपी तरीही राहिल्या असत्या, पण चूक दुसऱ्या नोडवर झाली असती तर काही पीजी जागच्या जागी थांबले असते.

त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक ट्रेच्या तोंडावर सिरीयलची शेवटची चार अक्षरं छापून चिकटवतो, कारण डिस्कवरचं लेबल ट्रे बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. आणि फोनवर स्लॉट नंबर बोलतच नाही. मी विचारतो, “ट्रेवर काय लिहिलंय ते वाच,” तो वाचतो, मी कागदाशी जुळवतो, मग तो डिस्कला हात लावतो.

डिस्क काढणं, नवी बसवणं

डिस्क काढायच्या आधी ऑपरेटिंग सिस्टमला सांगा, सिस ब्लॉकमधल्या त्या डिस्कच्या डिलीट फाइलमध्ये १ लिहिलं की कर्नल तिला सोडून देतो. मग कडी उघडून ट्रे बोटभर बाहेर ओढायचा आणि अर्धा मिनिट थांबायचं. आतल्या चकत्या अजून फिरत असतात, हाताला बारीक थरथर लागते, ती थांबली की सरळ बाहेर. बाहेर आल्यावर लेबलवरचा पूर्ण नंबर परत वाचा.

नवी डिस्क घालायच्या आधीच, शेल्फवर असतानाच दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर लावून स्मार्टची लाँग टेस्ट केलेली असली तर उत्तम, मोठ्या डिस्कला ती पुरी व्हायला रात्र पुरत नाही म्हणून ऐनवेळी कोणी करत नाही. निदान शॉर्ट टेस्ट तरी करा, दोन मिनिटांची असते. एसएमआर डिस्क (ट्रॅक एकमेकांवर चढवलेली, सलग राइटला हळू) आली नाहीये ना ते मॉडेल नंबरवरून तपासा, बॅकफिलच्या सलग राइटमध्ये ती डिस्क गुडघे टेकते आणि तुम्ही नव्या डिस्कलाच आजारी समजता. रेड कार्डच्या मागे असाल तर डिस्क जेबॉड मोडमध्ये (सुटी, रेडमध्ये न जोडलेली) दिसतेय का बघा, एचबीए म्हणजे रेड नसलेलं साधं कार्ड असेल तर हा प्रश्नच नाही.

मग सेफ-व्हॉल्यूम एलव्हीएम क्रिएट, त्यात ओएसडी-आयडी २३ द्या आणि नव्या डिस्कचा पाथ. सेफअ‍ॅडममध्ये ऑर्क डिव्हाइस एलएस रिफ्रेश दिलं की डिस्क दिसते आणि स्पेक परत चालू केल्यावर मोकळा राहिलेला २३ नंबर तो स्वतः उचलतो. ओएसडीचा डीबी (त्याचा मेटाडेटा) वेगळ्या एनव्हीएमई एसएसडीवर असेल तर जुन्या २३ चा लॉजिकल व्हॉल्यूम तिथे अजून पडून असतो, तो आधी काढा, आणि काढताना नाव तीनदा वाचा, त्याच एनव्हीएमईवर शेजारच्या चार-पाच जिवंत ओएसडींचे डीबी असतात, एकाचा चुकून पुसला तर तो अख्खा ओएसडी गेला.

ओएसडी उठल्यावर ट्रीमध्ये दोन आकडे बघा. री-वेट १ आहे ना, शून्य असेल तर सेफ ओएसडी इन २३. आणि वजन. बारा टीबीच्या जागी सोळा टीबी बसवली असेल तरी वजन जुनंच १०.९ राहतं, म्हणजे वरची जागा वाया. सेफ ओएसडी क्रश री-वेटने १४.५५ करा, पण एका दमात नाही, आधी जुन्या वजनावर भरू द्या मग वाढवा. प्रायमरी-अफिनिटी परत १ करायची विसरू नका, तो २३ नंबरला चिकटलेला असतो, डिस्कला नाही.

भरायला किती वेळ लागेल याचा अंदाज आधीच वरिष्ठांना सांगून ठेवा. बारा टीबी, ७० टक्के म्हणजे ८.४ टीबी, एका फिरत्या डिस्कला सलग शंभर एमबी सेकंदाला मिळाले असं उदार मनाने धरलं तरी ८४ हजार सेकंद, तेवीस तासांच्या वर. आउट करताना बहात्तर डिस्क मिळून काम करत होत्या, इथे सगळा ओघ एकाच डिस्कवर येतोय, म्हणून परतीचा प्रवास जाण्यापेक्षा हळू असतो. छोट्या फाइली भरपूर असतील तर दुप्पट-तिप्पट धरा. या काळात मिसप्लेस्डच दिसायला हवं, डिग्रेडेड वाढताना दिसलं तर नव्या डिस्कचं डीमेसेज लगेच उघडा, नवी डिस्क पहिल्या आठवड्यातच जाण्याचे प्रकार होतात.

जुनी डिस्क वॉरंटीत परत पाठवायची असेल तर आधी ओएसडी एनक्रिप्टेड होता का ते बघा. होता तर डिस्ट्रॉयने चावीच गेली, डेटा वाचता येत नाही, बिनधास्त पाठवा. नव्हता आणि डिस्क आता पुसलीही जात नाही, तर वॉरंटी सोडा, डिस्क फोडून टाका, त्यावर कोणाच्या तरी मशीनचे तुकडे आहेत. मग रजिस्टरमध्ये जुना सिरीयल, नवा सिरीयल, स्लॉट, तारीख लिहा, ट्रेवर नवी चिठ्ठी चिकटवा, आणि शेल्फवरचा स्पेअर वापरला गेलाय म्हणून दुसऱ्याची ऑर्डर त्याच दिवशी टाका.